बदलीचा माणूस

९ जानेवारी

धाकट्या,

बाबांनी यापुढे संग्रहालयाच्या इमारतीत पाऊल ठेवू नये, असा लेखी आदेश आज मी काढला आहे. खाली सही माझी आहे. हे तुला परक्या तोंडून कळू नये म्हणून लिहिते आहे, नाहीतर लिहिलं नसतं. फोन तू उचलत नाहीस.

तो व्हिडिओ तुझ्यापर्यंत पोचला असेलच. मला तो आमच्या समितीच्या अध्यक्षांच्या सुनेने पाठवला, खाली हसरे चेहरे लावून. बंगल्यातल्या मुलांच्या खोलीत एक कुटुंब उभं आहे. त्यांची मुलगी भिंतीवरची दोरी ओढते. थोड्या वेळाने दारात बाबा येतात, कोटाची सगळी बटणं लावलेली, हातात रिकामा ट्रे. "बोलावलंत?" म्हणतात. मंडळी टाळ्या वाजवतात. बाबा मान लववून जातात. मुलगी पुन्हा दोरी ओढते. बाबा पुन्हा येतात. व्हिडिओ तिथे संपतो. पुढचं त्यात नाही. पुढच्या खेपेला बाबा नोकरांच्या जिन्यावरून पडले. डावं मनगट मोडलं. डोक्याला लागलं नाही, हे नशीब.

तू बंगला सोडलास तेव्हा बाईसाहेब हयात होत्या, म्हणून थोडक्यात सांगते. त्यांच्यामागे बंगला गावाला मिळाला, गावाने त्याचं संग्रहालय केलं, आणि त्याची जबाबदारी माझ्याकडे आली. बाबा आणि मी अजूनही मागच्या आपल्याच खोल्यांत राहतो. स्वयंपाकघराच्या बाहेरच्या बोळात ती घंटांची फळी होती, आठवते? खोलीखोलीतून तारा आलेल्या, प्रत्येक घंटेचा आवाज वेगळा. बाईसाहेबांच्या शेवटच्या काळात ती बंद पडली होती. मी ती दुरुस्त करून घेतली. भिंती उकरून तारा शोधल्या, तुटलेल्या घंटा ओतून घेतल्या. आता कुठल्याही खोलीत दोरी ओढली की खाली त्या खोलीची घंटा वाजते. दोरीशेजारी पाटी आहे: "ही दोरी ओढून पाहा. पूर्वी कुणीतरी धावत आलं असतं."

पाटी माझी आहे. या पाटीचं बरंच कौतुक झालं.

बाबांच्या डोक्यातला काळ गेल्या वर्षापासून घसरला आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, परतीची वाट नाही. सकाळी ते मला ओळखतात, दुपारी मी बंगल्यातल्या कचेरीतली कुणी बाई असते. पण घंटा त्यांना अचूक कळते. वाजली की उठतात. हातातला घास ताटात ठेवतात आणि जातात. सुट्टीच्या दिवशी तर घास तोंडाशी पोचतच नाही.

म्हणून आदेश. आणि म्हणून तुला सरळ विचारते: त्यांना तुझ्याकडे ने. तुझं घर दूर आहे, तळमजल्यावर आहे, आणि तिथे घंटा नाहीत. तुझं त्यांच्याशी बोलणं नाही हे मी विसरलेले नाही. त्यांच्याशी आता बोलावं लागत नाही. जेवण पुढे ठेवायचं आणि शेजारी बसायचं.

ताई

*

१९ जानेवारी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. "घंटा काढून टाक." एवढंच. पत्ता लिहायला तुला जास्त शाई लागली.

काढता येणार नाहीत. का, ते ऐकून घे. या बंगल्यात काय उरलं आहे? खुर्च्या, पलंग, चांदीच्या फ्रेमा, शिकारीचे फोटो. घंटा काढल्या की पाहणाऱ्याला वाटतं, त्या खुर्च्यांवर बसणारी माणसं आपला चहा आपण करून पीत होती. मी काम हाती घेण्याआधी लावलेल्या पाट्यांवर बाबांचा, आईचा, धोब्याचा, माळ्याचा एका अक्षरानेही उल्लेख नव्हता. त्या घंटांनी तो होतो. लोक दोरी ओढतात आणि क्षणभर त्यांना आपलीच लाज वाटते. निदान वाटावी अशी माझी अपेक्षा होती. टाळ्या वाजवतील असं वाटलं नव्हतं.

आदेशाचा उपयोग झाला नाही, हेही सांगते. घंटांचा बोळ आपल्या खिडकीसमोरच आहे. बाबांना इमारतीत जायची बंदी मी केली, ऐकायची कशी करणार? मी बाहेरून कडी लावून कामावर जाऊ लागले. परवा तिकीटखिडकीवरची बाई धापा टाकत आली.

"मॅडम, आजोबा दाराशी बोलतायत."

"कुणाशी?"

"दाराशीच. म्हणतायत, 'आलो, आलो, दार अडकलंय, एवढं माफ करा.' कधीपासून चाललंय कोण जाणे. मला काही बघवलं नाही बाई."

मी कडी काढली. बाबांच्या प्लास्टरच्या हातावर दाराचा रंग लागला होता. त्यांनी माझ्याकडे पाहून आधी कोट नीट केला.

अध्यक्षांना आदेश कळला तेव्हा ते स्वतः आले. मिठाचे व्यापारी आहेत. आवाज मोठा, मन वाईट नाही.

"ताई, आजोबांना बंदी? अहो, लोक खिडकीवर विचारतात, घंटेवाले आजोबा आज आहेत का म्हणून!"

"त्यांचं मनगट मोडलंय."

"मग बरं होऊ द्या की. घाई कुठाय? तोवर गणवेश शिवून घेऊ. पांढरा, पितळी बटणांचा. जिना नको, खालीच उभं करू. बसायला खुर्ची देऊ."

"ते माझे वडील आहेत."

"म्हणून तर म्हणतो! बाहेरचा नट आणला तर इतकं खरं वाटेल का?"

मी त्यांना दार दाखवलं. अध्यक्षांना दार दाखवणारी मी या गावातली पहिलीच असेन. ते जाताना हसत होते, म्हणजे विषय संपलेला नाही.

तेव्हा पुन्हा विचारते. महिनाभर तरी ने. मी संग्रहालय सोडून चोवीस तास त्यांच्यापाशी बसू शकत नाही. बसावं असं तू म्हणशील. तू इथे नाहीस, तेव्हा म्हणणं सोपं आहे.

ताई

*

२ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र आलं. या वेळी मोठं. मी ते कचेरीत उघडलं आणि मग दार लावून घेतलं.

आई गेली तेव्हा मी कॉलेजच्या वसतिगृहात होते. मला निरोप मिळाला तो असा: आई शांतपणे गेली, बाबा जवळ होते. तेच धरून मी आजवर तुझ्याशी भांडत आले. तू बाबांशी बोलणं सोडलंस तेव्हा तुला निष्ठुर म्हटलं. तू घर सोडलंस तेव्हा म्हटलं, याला बापाच्या नोकरीची लाज वाटते. तू एकदाही खरं काय ते सांगितलं नाहीस. तू तेव्हा शाळेत होतास, मान्य. पण नंतर मोठा झालास, पोराबाळांचा बाप झालास. आताच का लिहिलंस? घंटा मी पुन्हा लावल्या म्हणून?

तू लिहिलं आहेस ते मी इथे पुन्हा लिहिते, कारण एकदा माझ्या अक्षरात पाहिल्याशिवाय मला ते पटणार नाही.

दुपार होती. बाबा आईच्या उशाशी बसले होते. बाईसाहेबांच्या खोलीची घंटा वाजली. बाबा तुला म्हणाले, "पाणी देत राहा, आलोच." ते गेले आणि आई गेली. खोलीत तू एकटा होतास, हातात भांडं. बाबा परत आले. त्यांनी पाहिलं. आईचे डोळे मिटले, चादर ओढली. आणि घंटा पुन्हा वाजली. बाबांनी तोंडावरून ओला हात फिरवला, कोटाचं वरचं बटण लावलं, आणि ते पुन्हा गेले. वर पाहुणे होते. चहा द्यायचा होता.

पहिल्यांदा गेले ते मी समजू शकते. त्यांना काय माहीत होतं? दुसऱ्यांदा का गेले? मी शोधलं. नोकरी जाईल ही भीती, खोली जाईल ही भीती, मी बाईसाहेबांच्या शब्दावर कॉलेजात शिकत होते, ते सगळं जाईल ही भीती. कारणं मी लिहून काढू शकते, मला तेच शिकवलं आहे. पण त्या खोलीत उभ्या असलेल्या पोराला ती देता येत नाहीत.

पत्र वाचून मी कपाटातून पक्कड काढली आणि बोळात गेले. लोक वर फिरत होते. घंटा वाजत होत्या. मी एकेक तार तोडली नाही, फक्त आकड्यातून सोडवली, कारण तोडणं माझ्याने झालं नाही. हे तू हसण्यावारी नेशील, ने. शेवटची तार सोडवली तेव्हा वर कुणीतरी दोरी ओढत असणार, कारण माझ्या हातात ती हिसका देत होती.

वरून एका बाईचा आवाज आला, "बंद पडली वाटतं!" आणि तिचा नवरा म्हणाला, "सगळं असंच असतं गं इथे, देखभाल नाही."

तुझ्या म्हणण्याप्रमाणे झालं. घंटा बंद आहेत. आता बाबांना न्यायलाच पाहिजे असं नाही.

ताई

*

१४ फेब्रुवारी

धाकट्या,

मला वाटलं होतं, शांतता झाली की ते शांत होतील. माझा अंदाज चुकला.

पहिले काही दिवस बाबा नुसते खिडकीत बसून राहिले, कान देऊन. मग कोट घालून उंबऱ्यावर बसू लागले. मी म्हटलं, ऊन खाताहेत, बरं आहे. मग त्यांनी जेवण कमी केलं. मग ताट परत येऊ लागलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून पाहिलं, पोटात दोष नाही म्हणाल्या.

काल मी त्यांच्याशेजारी उंबऱ्यावर बसले. दुपार होती, म्हणजे मी कचेरीतली बाई होते. ते अदबीने थोडे सरकले.

"बाई, एक विचारू? मला काढलं का?"

"काढलं नाही. तुम्ही निवृत्त झालात."

"असं? मग चार्ज कुणाला दिला मी?"

"कुणालाच नाही."

"मग निवृत्त कसा झालो?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की कचेरीत हल्ली काय माणसं भरतात! "बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडता येत नाही, बाई. हा इथला नियम आहे. तुम्ही नव्या दिसता."

मी म्हटलं, "मग रजेवर कसं जायचं माणसाने?"

"बदली मागायची. दिली तर जायचं." त्यांनी कोटाचं बटण चाचपलं. "मी मागितली होती. घरात आजारपण होतं. चार दिवस कुणीतरी द्या म्हटलं, उभं राहायला. माळ्याचा भाऊ तयार होता. नाही म्हणाले. त्याला ट्रे धरता येत नाही, पाहुण्यांसमोर बरं दिसणार नाही."

हे खरं, की त्यांच्या आजाराने आता जुळवलेलं, मला माहीत नाही. पडताळून पाहायला काही साधन नाही. बाईसाहेबांची पत्रं माझ्याकडे आहेत, त्यांत पडद्यांचा उल्लेख आहे, घोड्यांचा आहे, नोकरांच्या रजेचा नाही. मी ते तुला जसं ऐकलं तसं कळवते आहे, बाबांची बाजू मांडायला नाही. तुला त्याचं जे करायचं ते कर.

आता मुद्दा. ते कुणालातरी चार्ज देण्यासाठी थांबले आहेत. तो दिल्याशिवाय ते जेवणार नाहीत आणि घरात येणार नाहीत. मी प्रयत्न केला. आपला रखवालदार अंगाने चांगला आहे, म्हटलं त्याला उभं करावं. त्याला सगळं समजावलं, कोट घातला, बाबांपुढे नेला. बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि जिना चढून दाखवायला सांगितलं. तो चढला. बाबा माझ्या कानाशी आले. "हा नाही चालणार. ह्याचा श्वास पुढे येतो आणि हा मागून." रखवालदार अजून माझ्याशी धड बोलत नाही.

मग मी स्वतः म्हटलं, मी घेते. बाबा हसले. "तुम्ही लिहिणाऱ्या, बाई. तुमचं काम वेगळं."

ताई

*

१८ फेब्रुवारी

धाकट्या,

मागच्या पत्रात मी विचारायचं ते विचारलं नाही. आता विचारते. तू ये.

न्यायला नको येऊस. एक दिवस ये, बंगला बंद असतो त्या सोमवारी. बाबांपुढे उभा राहा. ते तुला ओळखणार नाहीत, बहुधा. ते जे देतील ते घे. तू शपथ घेतली होतीस की या घराचा ट्रे हातात धरणार नाहीस. मला आठवते, तू ती मला ऐकू जावी म्हणूनच मोठ्याने घेतली होतीस. मी तुला ती मोडायला सांगते आहे, हे मला पुरतं कळतं. त्या दुपारच्या वेळी तुझ्या मदतीला कुणी आलं नाही, आणि आज मी तुलाच बोलावते आहे, हेही कळतं.

ते जेवत नाहीत, धाकट्या. मी त्यांना आता दंडाला धरून उठवते तेव्हा कोटात कुणी आहे की नाही असं वाटतं.

ताई

*

२८ फेब्रुवारी

धाकट्या,

तू सोमवारी गाडीच्या घाईने निघालास. मी थांब म्हटलं नाही. तू होतास तरी झालं ते लिहिते, कारण तू बहुतेक वेळ मान खाली घालून होतास, आणि नंतरचं तू पाहिलंच नाहीस.

तू फाटकातून आलास तेव्हा बाबा उंबऱ्यावर होते. मी तुझ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी तुझे बूट पाहिले, मग हात पाहिले, मग तोंड. मला वाटलं ओळखलं. मग म्हणाले, "आलास? फार वाट पाहायला लावलीस." हे त्यांनी मुलाला म्हटलं की बदलीच्या माणसाला, ते मला त्या क्षणी कळलं नाही, आणि तुलाही कळलं नसावं, कारण तू "गाडी उशिरा आली" एवढंच म्हणालास. मग ते म्हणाले, "चल, उजेड आहे तोवर घंटा दाखवतो," तेव्हा कळलं.

तारा मी आदल्या दिवशी पुन्हा अडकवून ठेवल्या होत्या. तुम्ही दोघं बोळात उभे राहिलात आणि मी वर गेले, खोलीखोलीतून दोरी ओढायला, म्हणजे बाबांना तुला आवाज ओळखायला शिकवता येईल. खाली काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. माळ्याच्या भावाची ती गोष्ट त्यांनी तुझ्यापाशी काढली का, तेही विचारलं नाही.

आधी मुलांची खोली, मग पाहुण्यांची, मग जेवणाचं दालन. बाईसाहेबांच्या खोलीत मी शेवटी गेले. त्या दोरीची दुरुस्ती मी करून घेतली, वेळोवेळी धूळ पुसली, हजार लोकांना ओढायला लावली. स्वतः कधी ओढली नव्हती. त्या दिवशी ओढली. आणि धाकट्या, ती इतकी हलकी आहे! बोटाच्या टोकाने ओढता येते. पलंगावरून कूस न बदलता.

मी उभी राहिले. मागच्या जिन्यावर पावलं वाजली. दार उघडून तू आलास, डाव्या हातावर ट्रे, आणि तुझं तोंड पाहून मला दोरी सोडायचंही सुचलं नाही. तू "बोलावलंत?" म्हणाला नाहीस. तू म्हणालास, "ताई, पुरे आता."

पुरेच होतं. तू ट्रे बाईसाहेबांच्या टेबलावर ठेवलास. तो अजून तिथेच आहे. हलवायचा नाही असं मी सफाईवाल्या बाईंना सांगितलं आहे.

तू गेल्यावर बाबा माझ्या कचेरीत आले. त्यांनी खुर्ची घेतली नाही. म्हणाले, "लिहून घ्या बाई, तोंडी चार्ज चालत नाही." मी कागद घेतला. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. एक शब्द मी बदललेला नाही. खाली सही त्यांनीच केली, उजवा हात चांगला आहे. मग कोट काढून माझ्या खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि संग्रहालयाच्या पुढच्या दाराने बाहेर गेले. पुढच्या दाराने! मी मागोमाग गेले. व्हरांड्याच्या पायऱ्यांवर थांबून त्यांनी बाग पाहिली आणि म्हणाले, "इथून बरं दिसतं की."

त्या दिवशी ते जेवले. मला खात्री करून घ्यायची होती, म्हणून दुसऱ्या दिवशी बाबांना ताट वाढलं आणि तिकीटखिडकीवरच्या बाईला वर जाऊन एक दोरी ओढायला सांगितलं. घंटा वाजली. बाबांचा हात थांबला. "मुलांची खोली," ते म्हणाले. मग घास तोंडात घातला. "नवा माणूस जाईल."

आनंदाची बातमी म्हणून हे सांगत नाही. ते जेवतात, झोपतात, पण आता सकाळीही मला ओळखत नाहीत. कशाची वाट पाहत नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं. माझ्या मनात येतं, ते त्या घंटांवरच उभे होते का? आणि येतं तेव्हा मी उठून काहीतरी कामाला लागते. गंमत अशी की परवा घंटा वाजली आणि हातातली पेन्सिल ठेवून मीच उठले. दारापर्यंत गेले होते.

दोऱ्या मी वर गुंडाळून बांधल्या आहेत, हात पोचणार नाही अशा. पाटी काढली. अध्यक्षांनी बैठक बोलावली आहे. गणवेशाचं माप घ्यायला शिंपीही येऊन बसला होता, त्याला चहा पाजून परत पाठवला. बैठकीत मला ठेवतील किंवा काढतील. मला कुणाला चार्ज द्यायचा ते अजून ठरवलेलं नाही.

नोंद सोबत जोडते. चार्ज तू घेतलास, तेव्हा सही तुझी हवी. ती करून पाठव. किंवा घेऊन ये.

ताई

*

बंगल्यातील कामाचा चार्ज दिल्याची नोंद
(सांगितल्याप्रमाणे लिहिली)

घंटांची फळी, चालू स्थितीत. जेवणाच्या दालनाची घंटा जाड आवाजाची आहे. ती वाजली तर हातातलं काम पुरं करून गेलं तरी चालतं. पाहुण्यांची खोली: पाहुणे विसरून दोनदा वाजवतात, एकदाच जावं. मुलांची खोली: पोरं उगीच वाजवतात, रागवू नये. बाईसाहेबांची खोली: हिला उशीर चालत नाही.

ट्रे, एक. डाव्या हातावर धरावा, दार उघडायला उजवा मोकळा राहतो.

मागचा जिना. वळणावर पायरी अरुंद आहे. मी तिथे पडलो, नव्या माणसाने पडू नये.

कोट दिलेला नाही. नव्या माणसाच्या अंगाला होणार नाही, त्याने आपला शिवून घ्यावा.

मागची खोली. तिथे माझ्या घरातल्या बाई आजारी आहेत आणि एक मुलगा आहे. त्या खोलीला घंटा नाही. तिथून कुणी बोलावणार नाही. नव्या माणसाने आपणहून जाऊन बघत राहावं. वरची घंटा वाजली तरी आधी तिथे जावं, मग वर.

देणाऱ्याची सही: आहे.
लिहून घेणारीची सही: आहे.
घेणाऱ्याची सही: